गिळलेला राजा

नवऱ्याने राजा गिळला तेव्हा मी चकलीचा दुसरा घाणा तळत होते.

आधी सुतळी बॉम्बचा आवाज झाला. बॉम्ब फुटला सोसायटीच्या गेटजवळ, पण आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळे तो हॉलमध्येच फुटल्यासारखा वाटला. कढईतलं तेल हललं. मग हॉलमध्ये एकाने विचारलं, "राजा कुठे आहे?" मी झारा हातात घेऊन बाहेर आले.

नवरा किल्ल्यापुढे गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हातांत मातीचा बुरूज धरलेला, डोळे मोठे, तोंड मिटलेलं. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

"गेला," तो म्हणाला.

"कोण गेला?"

"राजा."

"गेला कुठे?"

त्याने बुरूज जपून खाली ठेवला आणि पोटाकडे बोट केलं.

राजा शिशाचा होता. माझ्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. मी आत जाऊन गॅस बंद केला, चकल्या काढल्या, कारण त्या जळून कोणाचाच फायदा नव्हता, आणि साडी बदलायला घेतली. दवाखान्यात जावं लागणार हे मला कळलं होतं. हॉलमधल्या तीन पुरुषांना अजून कळलं नव्हतं. ते वेगळ्याच गोष्टीवर भांडत होते. राजा मेला की फक्त पटावरून गेला, यावर.

लिहिताना मी नवऱ्याला 'तो' म्हणते. तोंडावर 'अहो'च म्हणत होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण एवढा फरक कळतो.

तेव्हा आम्हाला खांदेश्वरला राहायला येऊन काही वर्षं झाली होती. नव्वदनंतरची वर्षं. इमारतींना रंग होता, रस्त्यांना दिवे नव्हते. नवरा तळोज्याला एका रंगाच्या कंपनीत फिटर. दोन्ही हात कामात असले की स्क्रू, नट, वायसर ओठांत धरायचे, ही त्याची सवय. फिटर लोकांची असतेच. घरीसुद्धा पंखा लावताना तो तोंडात स्क्रू धरून मला सूचना द्यायचा आणि मला एक अक्षर कळायचं नाही. त्या दिवशीही तेच झालं. बुरूज उचलायचा होता, बुरुजावर राजा उभा होता, म्हणून राजा काढून ओठांत धरला. बाहेर बॉम्ब फुटला. झालं.

आता मोठ्या माणसांच्या घरात किल्ला कशाला, ते सांगते.

आमच्याकडे दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात, सगळ्यांनाच माहीत आहे. विटा, गोणपाट, वर लाल माती, मातीत आळीव पेरायचा म्हणजे हिरवळ येते. बाजारातून मातीचे मावळे, एक वाघ, एक गवळण. आमची पोरं शिकायला आणि नोकरीला बाहेर गेली आणि किल्ला मात्र घरात राहिला. आधी नवरा नुसता हौसेने करायचा. मग त्याला दोघे भेटले.

एक भावजी. हे जवळच्याच गावातले, आगरी. यांची शेतं आणि मिठागरं वसाहतीत गेली, म्हणजे आम्ही राहतो त्या जमिनीचे मूळचे मालक त्यांच्यासारखेच कोणी. न्हावा शेव्याला कंटेनर मोजायच्या कामावर होते. तिथे एका परदेशी बोटीवरच्या इंजिनियरने जाताना यांना एक पेटी दिली. पेटीत शिशाची बोटभर भुतं. हिरव्या तोंडाचे राक्षस, सांगाडे, डुकराच्या नाकाचे घोडेस्वार आणि पंख असलेला एक मोठा सरडा. सगळी बारीक ब्रशने रंगवलेली, डोळ्यांत बुबुळंसुद्धा. सोबत एक इंग्रजी पुस्तक. भावजींना वाटलं देव आहेत. बायकोने घरात घेऊ दिले नाहीत.

दुसरे पंच. वरच्या मजल्यावर राहायचे, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली, घरात कोणी त्यांचं ऐकत नव्हतं. त्यांनी ते पुस्तक वाचलं आणि सांगितलं की हा खेळ आहे. तिकडे मोठी माणसं हे शिपाई टेबलावर मांडून लढाया करतात. काही जुन्या खऱ्या लढाया, काही भुताखेतांच्या. टेपने मोजून शिपाई पुढे सरकवायचे, फासे टाकून कोण मेला ते ठरवायचं. त्या दिवसापासून ते पंच झाले. त्यांच्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदाच त्यांना विचारून काहीतरी करत होतं.

नवऱ्याने मग माझ्या स्टोव्हवर शिसं वितळवून साच्यात स्वतःचे मावळे ओतले. माझं चहाचं एक पातेलं त्यात गेलं. दर दिवाळीला हॉलमधली कॉट बाल्कनीत जायची, हॉलमध्ये किल्ला यायचा, आत नवऱ्याचे मावळे, बाहेर भावजींचे राक्षस. भाऊबीजेला दिवे लागायच्या आत खेळ संपवायचा, कारण त्या संध्याकाळी माझी नणंद चार पोरांसकट ओवाळायला यायची आणि तिला टेकायला जागा लागायची. तोपर्यंत राजा आपल्या सिंहासनावर असेल आणि सरडा दरवाज्याच्या बाहेर असेल तर किल्ला वाचला. नाहीतर पडला.

दर वर्षी पडायचा.

एक नियम पंचांनी पहिल्याच वर्षी केला. बाजारातली महाराजांची मूर्ती खेळात घ्यायची नाही. ती देवघराशेजारी फळीवर ठेवायची. का, तर महाराज हरायचे नाहीत, मग खेळ कसला? आणि हरले तर तिघांनाही चाळीस इमारतींत तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून नवऱ्याने दुसरा एक राजा ओतला. कुठला राजा, नाव काय, काही नाही. मुकुट, ढाल आणि वर उचललेल्या हातात तलवार. तलवार म्हणजे टाचणीचा तुकडा. ती आदल्या वर्षी मी फडकं मारताना मोडली. नवऱ्याने वर्षभर ऐकवलं. भाजीत मीठ कमी असलं तरी म्हणायचा, "जिने राजाची तलवार मोडली तिच्याकडून काय अपेक्षा करायची?"

तर हा बिनतलवारीचा राजा नवऱ्याच्या पोटात.

रिक्षात आम्ही तिघे बसलो. नवरा, मी आणि भावजी. पंच आले नाहीत. पटावरचे शिपाई कोणी हलवू नयेत म्हणून ते पहाऱ्याला राहिले. भावजींनी सरडा शर्टाच्या खिशात घातला होता.

"हा कशाला आणलात?" मी विचारलं.

"राजा गडाभायेर चालला, वयनी. पाठलाग नको?"

"सरड्याने?"

"सरडा नाय तो, ड्रॅगन हाय. किती वेला सांगू?"

नवरा मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. पनवेलच्या रस्त्याला खड्डे किती, ते त्या दिवशी मला कळलं. प्रत्येक खड्ड्याला तो पोट धरायचा, आणि प्रत्येक खड्ड्याला भावजी खिसा धरायचे.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. डॉक्टर आपल्याच दवाखान्यात पूजेला बसायच्या बेतात होते. सोवळं नेसलेले, वर स्टेथोस्कोप.

"काय झालं?"

"राजा गिळला," नवरा म्हणाला.

"पत्त्यातला?"

"शिशाचा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ते म्हणाले, केवढा होता, दाखवता येईल असं काही आहे का? भावजींनी खिशातून सरडा काढून टेबलावर लक्ष्मीच्या शेजारी ठेवला. "हा नाय. पन ह्याच्या डोस्क्यायेवढा."

एक्स-रे काढला. त्यात बरगड्या होत्या, कण्याचे मणके होते, आणि खाली डाव्या अंगाला एक छोटा पांढराशुभ्र माणूस होता. डोकं खाली, पाय वर. मुकुटाची टोकं दिसत होती. ढाल दिसत होती. डॉक्टरांनी फिल्म दिव्यापुढे धरली. मग कंपाउंडरला बोलावलं. मग घरातून बायकोला बोलावलं. मग पूजेला आलेल्या भटजींनीही बघितलं आणि हात जोडले. कशाला जोडले ते त्यांनाच माहीत.

"हा हात वर का आहे याचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"तलवार होती," नवरा म्हणाला. "मोडली."

"सुदैव. टाचणी असती तर आतडं फाटलं असतं. कोणी मोडली?"

"मी," मी म्हणाले.

नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, आपोआप उतरला तर ठीक. केळी खा, इसबगोल घ्या, चाला. पण शिसं आहे, पोटात फार ठेवता येत नाही. भाऊबीजेला दुपारी परत या. तोवर बाहेर आला नाही तर मुंबईला पाठवतो, पोट उघडून काढतील.

परतताना नवरा रिक्षात एकदाच बोलला. "पोट उघडलं की संपलं. वजन उचलायची बंदी येते. आमच्यात एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्याला गेटवर बसवलाय. येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहितो."

"मग?"

"मग काय! मला गेटवर बसायचं नाही."

तो घाबरला होता. मला गेटचं काही नव्हतं. माणूस घरी येतो, हे पुरे. पण त्याला ते पुरे नव्हतं, हेही मला माहीत होतं. दिवसभर हातात पाना नसला की तो घरात दरवाजांच्या बिजागऱ्या काढून परत बसवायचा.

घरी आलो तर पंच किल्ल्यापुढे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तोवर पुस्तक पुढून मागून वाचून काढलं होतं.

"निर्णय देतो," ते म्हणाले.

"आधी पाणी पिऊ दे त्यांना," मी म्हणाले.

"पिऊ दे. पण ऐकू दे. राजा मेलेला नाही. फाशाने मारलेला नाही, तेव्हा नियमाने जिवंत. तो आहे, पण आडोशाला आहे. ज्याच्या आत राजा सुरक्षित राहतो त्याला काय म्हणतात? किल्ला म्हणतात. म्हणजे आता हे खेळाडू नाहीत. हे किल्ला आहेत."

"मी?" नवरा म्हणाला.

"तुम्ही. आणि किल्ल्याला फासे टाकता येत नाहीत."

"मग माजा ड्रॅगन ह्यांच्यावर हल्ला करल?" भावजींनी विचारलं.

"माझ्या घरात माझ्या नवऱ्यावर सरडा चढवायचा नाही," मी म्हणाले.

पंचांनी हेही नियमात घेतलं. मग प्रश्न आला की मावळे कोण चालवणार. पुस्तकात लिहिलं होतं की राजा नसेल तर त्याच्या जवळचं माणूस. तिघे माझ्याकडे बघायला लागले.

"मला चकल्या आहेत," मी म्हणाले.

"अगं, तेवढ्या भाऊबीजेपर्यंत," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा असा होता की मी झारा पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी नवऱ्याला पाटावर बसवून ओवाळलं. पाडव्याला बायकोला ओवाळणी घालायची असते. तो म्हणाला, "काय हवं, सांग."

"राजा."

"चेष्टा करू नकोस."

"करत नाही. लवकर द्या."

तो केळं सोलत उठला आणि फिरायला निघाला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून तो इमारतीभोवती फेऱ्या घालायचा. भावजी सरडा हातात घेऊन मागे दहा पावलांवर. खिडकीतून मला दोघे दिसायचे. एक माणूस केळं खात पुढे, दुसरा माणूस सरडा घेऊन मागे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने मला विचारलं, "वहिनी, त्यांना काय झालंय?" मी म्हटलं, "कोणाला?" ती म्हणाली, "दोघांनाही."

एकदा नवरा बोलता बोलता गेटच्या बाहेर गेला तर भावजी ओरडले, "राजा गडाभायेर! राजा गडाभायेर!" पंच बनियनवर खाली आले आणि निर्णय दिला की कंपाउंडची भिंत ही तटबंदी धरावी. गेटच्या बाहेर पाऊल टाकलं तर राजा उघड्यावर. वॉचमनला सांगून ठेवलं की साहेबांना बाहेर सोडायचं नाही. वॉचमन बिहारचा होता. त्याने कारण विचारलं. पंचांनी सांगितलं. त्यानंतर तो आमच्या घराला सलाम करायचा बंद झाला.

दुपारी मी पटाशी बसले. मला टेपने मोजायला येतं, पोरांचे कपडे मीच शिवले. फासे टाकायला काय लागतं? पण तासाभरात कळलं की आपली बाजू हरणार. आमच्या बाजूला मूठभर मावळे उरलेले, त्यांच्या बाजूला डुकराच्या नाकाचे घोडेस्वार ओळीने उभे. घोडेस्वार एका चालीत लांब जातात, एका धावेत दरवाजा फोडतात. दर वर्षी असाच पडायचा किल्ला. नवरा आतल्या खोलीतून ओरडायचा, "डावीकडच्या बुरुजावर तिरंदाज ने!" पंच म्हणायचे, "किल्ल्याने बोलायचं नाही!" मग तो खोकायचा.

बाजारातली मातीची गवळण दरवाज्याशी उभी होती. बाजारातली चित्रं मोठी असतात, ही मावळ्यांच्या चौपट उंच. डोक्यावर घागर. मी विचारलं, "हिला लढवता येईल का?"

"ती नुसती शोभेची," पंच म्हणाले.

"एवढी मोठी बाई दारात उभी, आणि शोभेची?"

"पुस्तकात गवळण नाही, वहिनी."

"मग निदान वाटेत तरी उभी राहील ना?"

पंचांनी पुस्तक चाळलं. वाटेत उभी राहायला हरकत नव्हती. मी तिला दरवाज्याच्या बरोबर मध्ये ठेवली.

मग मी पंचांना सगळे नियम मराठीत वाचून दाखवायला सांगितले. माझ्या आधी कोणीच सांगितलं नव्हतं. नवरा आणि भावजी लढायला उतावीळ, त्यांनी अर्धे ऐकले होते. तिघांचा चहा होईपर्यंत पंच वाचत होते. एका ठिकाणी मी थांबवलं.

"हे परत वाचा."

"जंगल. शिपायाच्या डोक्याच्या वर वाढलेली झाडी असेल तर ती जंगल धरावी. जंगलात घोडदळाला शिरता येत नाही."

मी किल्ल्याकडे बघितलं. सगळ्या उतारावर आळीव उगवला होता. शिपायाच्या कमरेला लागत होता.

किल्ल्यावरच्या आळिवाला पाणी कोणी घालायचं, हे आमच्या घरात कधी ठरलेलंच नव्हतं. मीच घालायची. पुरुषांना ते दिसायचंही नाही. मी त्या संध्याकाळी तांदळाचं कोमट धुवण घातलं, रात्री ओलं फडकं झाकलं, सकाळी बाल्कनीचं दार उघडून ऊन दिलं. आळिवाला एवढंच लागतं. भाऊबीजेच्या सकाळी भावजी आले, चपला काढल्या, किल्ल्याकडे बघितलं आणि तसेच उभे राहिले. घोडेस्वारांच्या फक्त भाल्यांची टोकं दिसत होती.

"ह्ये काय?"

"जंगल," मी म्हणाले.

"वयनीनं जंगल वाढवला! पंच, ह्ये चालतं?"

पंच पुस्तकात बोट घालून बसले. जंगल आपोआप वाढतं की वाढवता येतं, याबद्दल तिकडच्या लोकांनी काही लिहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे टेबलावर प्लास्टिकची झाडं असतात म्हणे. ती वाढत नाहीत.

"लिहिलेलं नाही म्हणजे मनाई नाही," पंच म्हणाले.

"आमची शेतां गेली तवापन असाच बोल्ले व्हते साहेब लोक," भावजी म्हणाले. "तवा तर फासं पन टाकलं नाय कोनी." आणि स्वतःच हसले. पण राक्षसांना एकेक करून आळिवातून उपटताना ते बराच वेळ पुटपुटत होते.

मग त्यांनी सरडा उडवला. सरड्याला पंख, त्याला जंगलाचं काय? तो उडून थेट दरवाज्याशी आला. दरवाज्यात गवळण. पंच म्हणाले, सरडा गवळणीला मारू शकतो, फासे टाका. भावजींनी फासे टाकले. हवे तसे पडले. गवळण मरायला हवी होती. पण पंचांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, मारता येण्यासाठी ती खेळात असावी लागते. शोभेची वस्तू मरत नाही.

"म्हंजे कसा?"

"म्हणजे झाड, दगड, गवळण. मरत नाही, बाजूला होत नाही."

"तुमीच काल वयनीला बोल्ले, ती लढत नाय!"

"लढत नाही. म्हणूनच मरत नाही."

भावजींनी कपाळाला हात लावला. सरडा दाराबाहेर, दारात गवळण. म्हणजे अर्धी बाजू आम्ही राखली होती. उरला राजा. आणि राजाचा पत्ता नव्हता.

नवरा सकाळपासून संडास आणि कंपाउंड असा ये-जा करत होता. मी जुनं पत्र्याचं भांडं दिलं होतं आणि काठी दिली होती. यात लाजण्यासारखं काही नाही. पोरांची केली तेव्हा कोणी लाजलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता. दुपारी पनवेलला जायचं होतं. पिशवीत मी त्याचा लेंगा, टॉवेल, तांब्या भरून ठेवला होता. पिशवी दाराशी दिसली की तो नजर चुकवायचा. जेवायला बसला नाही. म्हणाला, "मुंबईला उपाशीपोटी जावं लागत असेल." मी म्हटलं, "डॉक्टरांनी केळी सांगितलीत, केळी खा." त्याने दोन केळी खाल्ली आणि पुन्हा फेरीला गेला. भावजी या वेळी सरडा न घेता त्याच्याबरोबर गेले. दोघे शेजारी शेजारी चालत होते. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही.

रिक्षा आणायला पंच निघाले, तेवढ्यात नवरा धावत आला आणि संडासात शिरला. आम्ही तिघे बाहेर. पंच चपला घालून, भावजी भिंतीला टेकून, मी पिशवी घेऊन. बराच वेळ गेला. मग आतून भांड्यावर काहीतरी वाजलं. टणकन.

पंचांनी चपला काढल्या.

आतून नवरा म्हणाला, "अगं."

"काय?"

"फिनेल दे."

भावजींनी दोन्ही हात वर केले आणि "आला रं!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून पंचांची बायको विचारायला आली, कोण आला? ती आमची नणंद आली असं समजून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली होती.

राजा मी फिनेलमध्ये ठेवला, उकळत्या पाण्यात ठेवला, राखेने घासला. सगळा रंग गेला होता. लाल अंगरखा नाही, पिवळा मुकुट नाही. नुसता चकचकीत शिशाचा माणूस. मी तो सांडशीत धरून सिंहासनावर ठेवला.

भावजी वाकून बघू लागले. "हा तो नाय."

"काय?" नवरा ओरडला.

"त्या राजाला लाल झगा व्हता. ह्यो नागडा हाय. कशावरनं तोच? तुमी फिटर. दुसरा वतला असंल."

"कुठे ओतीन? संडासात?"

"मना काय म्हाइत? वळख पटवा."

बाहेर दिवे लागायला आले होते, आणि दिवे लागायच्या आत निकाल लागायला हवा होता. पंच म्हणाले, प्रश्न योग्य आहे. त्यांनी कपाटावरचा एक्स-रे काढला, ट्यूबलाइटच्या पुढे धरला. मी सांडशीत राजा धरून शेजारी उभी राहिले. मुकुटाची टोकं जुळली. ढाल जुळली. पण तशी ढाल दुसऱ्या राजालाही असू शकते, भावजी म्हणाले. मग पंचांनी वर उचललेला हात बघितला. मुठीतून टाचणीचं एक बारीक टोक बाहेर होतं, वाकडं, डावीकडे. मी फडकं मारताना तलवार तशी मोडली होती. एक्स-रेतही मुठीवर तेच टोक होतं, तसंच वाकडं.

"पटली," पंच म्हणाले. "राजा तोच."

भावजींनी थोडा वेळ एक्स-रे आपल्या हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "पटली. पन हात लावनार नाय मी त्याला."

नवरा किल्ल्यापुढे मांडी घालून बसला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा किल्ला राखला होता, आणि तोही स्वतः किल्ला होऊन. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तलवार मोडलीस ते एक बरं केलंस."

"वर्षभर ऐकवलंत."

"आता नाही ऐकवणार."

ते त्याने पाळलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं की दुसरं काहीतरी काढायचाच.

दारात रिक्षा थांबली. नणंद उतरली, चार पोरं उतरली, मिठाईचा डबा उतरला. पोरांनी किल्ला बघितला आणि आळिवात उड्या मारल्या. बुरूज गेले. तट गेला. डुकराच्या नाकाचे घोडेस्वार पायाखाली गेले. सरड्याचा एक पंख तुटला, तो भावजींनी शर्टाच्या खिशात घातला. मावळे बहुतेक वाकले. गवळणीची घागर फुटली, पण ती उभी होती. नणंदेने भावाला ओवाळलं आणि विचारलं, "दादा, एवढा वाळलास का रे?" तो म्हणाला, "केळी खात होतो."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. पान्यावर, गेटवर नाही.

त्या लढाईत राजा वाचला. नवराही वाचला.